गाडी जमिनीला टेकवली की पकड वाढते?

सगळीकडे फिरणारा दावा असा: ‘स्प्रिंग कापून गाडी खाली आणा, चाकं वरून आत झुकवा, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवा. रेसच्या गाड्या अशाच असतात, म्हणून त्या वळणावर चिकटून राहतात.’

‘खाली आणली की गाडी स्थिर होते.’ यात थोडं तथ्य आहे. गुरुत्वमध्य 550 मिमीवरून 510 वर आला, तर वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारं वजन सुमारे 7 टक्क्यांनी घटतं. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच खांबात असलेल्या) गाडीत लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर जातं आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर झुकते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतं. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. रेसवाले म्हणूनच लांब दांड्याचे बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारे गोल सांधे) बसवतात आणि टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याची, उंचीही जुळवतात. तसं केलं नाही तर खड्ड्यात स्टिअरिंग न फिरवताही चाकं वळतात.

‘कापलेली स्प्रिंग कडक होते, तेवढं पुरतं.’ हिशेब करून बघा. काम करणाऱ्या 6 वेटोळ्यांपैकी 1 कापलं, तर कडकपणा 6/5, म्हणजे 20 टक्के वाढतो. गाडी साधारण 35 मिमी खाली येते. आधी बंपस्टॉपपर्यंत (चाक फार वर आलं की अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) 70 मिमी जागा असेल, तर ती निम्मी उरली. निम्म्या जागेत तेवढाच धक्का पचवायला कडकपणा चौपट हवा! उरलेलं काम बंपस्टॉप करतो, तेही वळणाच्या ऐन मध्यावर, आणि तिथेच टायरची पकड सुटते. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकते. गॅस कटरने कापली असेल तर त्या भागाचं टेंपर (पोलादाला तापवून दिलेला चिवटपणा) गेलंच, पुढे तिथेच ती दबते किंवा तुटते.

‘रेसमध्येही चाकं तिरकी असतात.’ असतात, पण साधारण 2 ते 4 अंश, कारण वळणावर गाडी झुकली की बाहेरचं चाक सपाट टेकावं. टायरचा रस्त्याला टेकणारा 180 मिमी रुंद पट्टा (ट्रेड) 3 अंश झुकवला, तर बाहेरची कड 9 मिमी उचलली जाते. टायर तेवढं लवचिकपणे सांभाळून घेतो. 12 अंशांवर हीच कड 37 मिमी वर जाते. सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना मग आतली पट्टीच काय ती टेकलेली असते.

‘ताणलेला टायर वळणावर कमी डोलतो.’ 205/55 आर16 या मापाच्या टायरसाठी रिमची मान्य रुंदी 5.5 ते 7.5 इंच आहे. तो 9 इंचांवर चढवला की बीडवर, म्हणजे रिमला घट्ट बसणाऱ्या टायरच्या कडेवर, सतत बाजूचा ताण येतो. हवा थोडी उतरली तरी बीड निसटू शकतो, आणि फुटपाथच्या कडेला आधी रिमच घासते.

खाली आणायचीच असेल तर 25–30 मिमी पुरे, आणि त्यासाठी खास बनवलेली स्प्रिंग व तिला जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर एकत्रच घ्यावेत. रबरी बुश (सांध्यातली नळी) असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं: आधी कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव), मग टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं), कारण कॅम्बर हलवला की टो बिघडतो, आणि 2 अंश कॅम्बरपेक्षा चुकीचा टोच टायर लवकर खातो. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते पाहावं आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यावा.