आखाजीला सालदाराचं ठरतं, पंधरा वर्षं गिरणीत काढलेल्याचं कधी ठरणार?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की खान्देशात सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, नवं साल ठरतं. रोख किती, धान्य किती, उचल किती, सगळं एका बैठकीत. पटलं तर राहतो, नाहीतर दुसऱ्याच्या शेतात जातो. ज्याला आपण अडाणी समजतो तो माणूस वर्षातून एकदा मालकासमोर बसून स्वतःचा आकडा सांगतो. आणि जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत, डाळ गिरणीत, कापसाच्या जिनिंगमध्ये, फुले मार्केटातल्या दुकानात पंधरा-पंधरा वर्षं काढलेला 'परमनंट' माणूस एकदाही तोंड उघडत नाही. विचारलं तर म्हणतो, "वाढतो ना भो, दर सहा महिन्यांनी वाढतोच पगार."

त्या वाढीचं आधी नीट समजून घ्या. किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकावर चालतो आणि १ जानेवारी व १ जुलैला बदलतो. तेल, तूर, गॅस महागला त्याची ती भरपाई. काल कामाला लागलेल्या पोरालाही ती तेवढीच मिळते. मग तुमच्या पंधरा वर्षांचे किती मिळाले? काहीच नाही. शेठ जेव्हा म्हणतो, "सरकारनं वाढवलं तेवढं दिलं ना", तेव्हा तो खोटं बोलत नाही. फक्त कायद्यानं द्यावंच लागतं ते देऊन उपकाराचं बोलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की किमान वेतनावर वर्षानुवर्षं असलेल्यानं वाढ मागावी, आणि ती मूळ पगारात मागावी. पण त्याआधी तुमच्या हक्काचं काय राहिलंय ते तपासा. हक्क आणि मागणी एकाच दमात सांगितली की शेठ हक्काचे पैसे देतो आणि तीच पगारवाढ म्हणून खपवतो.

पहिलं बघायचं ते श्रेणी. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे तीन दर असतात आणि वर्षानुवर्षं घोटाळा इथेच होतो. जिनिंगमध्ये बघा. माणूस लागतो तेव्हा कपाशी ओढायला लागतो, रजिस्टरला 'हेल्पर, अकुशल' अशी नोंद होते. चार-पाच हंगामात तो डबल रोलर जिनवर, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रावर जातो. रोलरचं चामडं गुळगुळीत झालं की त्याला खाचा पाडणं, चाकू आणि रोलरमधला दाब बसवणं, आवाजावरून कुठलं जिन अडकतंय ते ओळखणं, सगळं तोच करतो. दाब कमी पडला तर सरकीला रुई राहते, जास्त झाला तर सरकी फुटते, रोलर तापतो, रुईत कचरा जातो. हे ज्याच्या हातात आहे तो अकुशल कसा? स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेऊन काम करतो तो कुशल, अशी व्याख्या आहे. रजिस्टरला मात्र तो अजून कपाशीच ओढतोय.

डाळ गिरणीत निवडणीला बसणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. वीस वर्षांनीही 'अकुशल'. त्यातली एखादी नव्या बायांना काम वाटून देते, माल पास करते, तोलाचा हिशेब ठेवते, तरी दर पहिल्या दिवशीचाच.

श्रेणी बदलून मागायला शेठच्या मर्जीची गरज नाही. तुम्ही करता ते काम, कधीपासून करता ते, आणि श्रेणी बदलून द्यावी ही विनंती, एवढा अर्ध्या पानाचा मराठी अर्ज पुरे. दोन प्रती काढा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा. त्यानंतरही हलत नसेल तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे.

दुसरं परिमंडळ. दर जागेवरून बदलतात आणि कोणत्या हद्दीला कोणता दर, हे प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत वेगळं लिहिलेलं असतं. तुमचा कारखाना महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, हे घरपट्टीच्या पावतीवरून कळतं. हद्दवाढ होऊन वर्षं झाली तरी पगार जुन्याच परिमंडळाचा, असंही चालतं.

तिसरं, भागाकार. मुनीम लोकांची ही आवडती जागा. समजा मूळ १०,००० आणि विशेष भत्ता ४,०००, एकूण १४,०००. रोजाचा दर काढताना २६ नं भागायचं असतं, म्हणजे ५३८ रुपये. खाडा झाला की मुनीम बरोबर २६ नं भागून ५३८ कापतो. ओव्हरटाइम द्यायची वेळ आली की मात्र ३० नं भागतो, वर एकेरी दर लावतो. महिन्याला २६ तास ओव्हरटाइम झाला तर दुप्पट दरानं ३,५०० होतात. ३० नं भागून एकेरी दिले तर १,५१७. जवळजवळ दोन हजार महिन्याला गेले, आणि तुम्ही हजाराची वाढ मागायला घाबरताय! २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला, दुप्पट दर तिच्यातही आहे. कमी मिळालेल्या पगाराचा दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात ती सहाच महिने होती.

एवढं झाल्यावर खरी वाढ. इथे कायदा तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही. किमानपेक्षा जास्त द्या असं एकट्या कामगारासाठी कुठलंही कार्यालय मालकाला सांगत नाही. इथे बोलणीच करावी लागतात.

वेळ हंगामाच्या आधीची. जिनिंगवाल्यानं पोळा झाला की, मशिनरीची डागडुजी सुरू असताना. दसरा-दिवाळीला मुहूर्ताचा कापूस आला की शेठला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि मार्चमध्ये हंगाम उतरल्यावर त्याला तुमची गरज नसते. डाळ गिरणीत नवी तूर यायच्या आधी, डिसेंबरात. कपड्याच्या दुकानात लग्नसराईच्या आधी. सकाळी शेठ दिवाबत्ती करून बसला की बोहनी होईपर्यंत विषय काढू नका, हे सांगायला नको. मुनीमाला आदल्या दिवशी कल्पना द्या, नाहीतर तो मध्येच पाय घालेल. बोला मात्र शेठशीच.

उचल बाकी असेल तर आधी ती फेडा. याला पर्याय नाही. पंधरा हजार बाकी असताना वाढ मागितली की शेठ हिशेबाची वही उघडतो आणि बोलणं तिथेच संपतं. पुष्कळ ठिकाणी उचल देतातच ती यासाठी.

काय बोलायचं? पोरीचं लग्न, आईचं ऑपरेशन, जूनमधली शाळेची फी, यातलं काहीही बोलू नका. सगळं खरं असतं, पण गरज सांगितली की शेठ आणखी उचल देतो. कामाचं सांगा, आणि त्याच्या भाषेत सांगा, म्हणजे क्विंटलमध्ये. समजा गिरणीत रोज १०० क्विंटल डाळ निघते आणि तुमच्या हाताखाली तुकडा, म्हणजे फुटकी डाळ, एक टक्क्यानं कमी निघतो. म्हणजे रोज एक क्विंटल तुकड्याची अख्खी डाळ झाली. दोन्हींच्या भावात क्विंटलमागे २,००० चा फरक धरला तर रोजचे २,०००. हा हिशेब करायला आधी महिनाभर खिशातल्या डायरीत रोजचा तुकडा आणि रोजचा माल लिहून ठेवावा लागतो. आकडा नसेल तर "मी मन लावून काम करतो" एवढंच हातात उरतं, आणि ते तर सगळेच म्हणतात.

किती मागायचे? एकूण पगाराच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंतचं बोलणं टिकतं, असं माझं मत. १४,००० वर १,४०० मागा, १,००० ला तयार राहा. मालकाचाही हिशेब माहीत असू द्या. मूळ पगारात हजार वाढवले की पीएफचे त्याचे १२ टक्के म्हणजे १२०, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, सव्वातीन टक्के म्हणजे साडेबत्तीस, वर नोकरी सुटताना द्यायच्या ग्रॅच्युइटीची तरतूद महिन्याला साधारण ४८. त्याला हजाराची वाढ बाराशेला पडते. तुमच्या हातात पीएफचे १२० आणि ईएसआयचे साडेसात जाऊन ८७२ येतात. म्हणूनच तो म्हणतो, "हजार रुपये पाकिटात घे, कागदावर कशाला?"

पाकीट घेऊ नका. १४,००० वर पंधरा वर्षांची ग्रॅच्युइटी १,२१,१५४ होते, १५,००० वर १,२९,८०८. आज मिळालेली हजाराची वाढ मागच्या पंधराही वर्षांना लागू होते, कारण हिशेब शेवटच्या पगारावर होतो. शिवाय पाकीट कधीही बंद होतं, आणि बंद झालं तर तक्रार कशाच्या आधारावर करणार?

पण कागदावर आणूनही एक खड्डा राहतो आणि त्यात भलेभले पडतात. वाढ मिळाली, पगार १५,००० झाला. जानेवारीत विशेष भत्ता ३०० नं वाढला. शेठ म्हणतो, "तू तर किमानच्या वरच आहेस, तुला कशाला?" एकूण पगार किमान दरापेक्षा जास्त असला की कायद्याचं पोट भरतं, त्यामुळे त्याचं म्हणणं मोडून काढणं अवघड जातं. असे तीन-चार भत्ते गेले की तुमची हजाराची वाढ गिळली गेली आणि तुम्ही पुन्हा त्या नव्या पोराच्या ओळीत. म्हणून बोलतानाच ठरवून घ्या आणि वाढीच्या अर्जात लिहा: "सदर वाढ मूळ वेतनात असून शासनाचा विशेष भत्ता वेळोवेळी स्वतंत्रपणे देय राहील." या एका वाक्यासाठी शंभर-दोनशे रुपये कमी घ्यावे लागले तरी घ्या.

शेठचं उत्तर ठरलेलं असतं, "बघू." मंदी आहे, वीजबिल वाढलंय, माल पडून आहे. त्यातलं बरंचसं खरंही असतं, लहान गिरण्यांची आज ओढाताणच आहे. वाद घालू नका. एवढंच विचारा, "शेठ, कोणत्या महिन्याच्या पगारात धरू?" महिना त्याच्या तोंडून आला पाहिजे. "दिवाळीला बघू" म्हणाला तर सावध व्हा, दिवाळीला बोनस देतात आणि वाढ त्यातच जिरवतात. पैशाला नाहीच म्हणाला तर श्रेणी, पगारी रजा, ओव्हरटाइमचा खरा दर, यातलं हक्काचं जे अजून राहिलं असेल ते तरी पदरात पाडून घ्या. आणि सुरत-पुण्याला जातो अशी धमकी हातात दुसरं काम असल्याशिवाय देऊ नका. "जा" म्हणाला तर?

ठेकेदारामार्फत असाल तर वाढ ठेकेदाराकडे मागावी लागते. दर दोन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं आणि तुमची नोकरी कागदावर नवी होते. अशा वेळी पीएफचं पासबुक काढून ठेवा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, एकच राहतो, महिन्यागणिक किती पगारावर भरणा झाला ते दिसतं. इतक्या वर्षांचा तेवढा एक पुरावा मालकाच्या कपाटात नसतो.

वाढ मिळाल्यावर पहिली पगारपावती तिथल्या तिथे वाचा. वाढ 'मूळ'च्या रकान्यात आहे की 'इतर भत्ता' म्हणून टाकलीय? इतर भत्त्यात दिसली तर त्याच आठवड्यात मुनीमाकडे जा. पगार ७ तारखेपर्यंत व्हायचा असतो आणि पीएफचं चलन १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. मधल्या आठ दिवसांत दुरुस्ती करायला मुनीमाला काही वाटत नाही. चलन गेल्यावर तोच म्हणेल, "आता पुढच्या वर्षी बघू."