वर्षाची बेरीज आणि रात्रीची लाईट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या विजेवरून भांडण पेटलंय. धुळ्यात शिकणारा पुतण्या म्हणतो, गूगलसारख्या कंपन्या शंभर टक्के हरित विजेवर चालतात आणि आपण अजून भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसाच जाळतोय. साक्रीकडचे नाना उखडले, म्हणाले ही सगळी फसवेगिरी. "आपल्याच तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला सौर प्रकल्प उभा आहे. तरी कांद्याला पाणी भरायचं तर रातलेच लाईट येस ना भो!" मग दोघांनी मला ओढलं, कारण मी आयर्लंडमध्ये, डब्लिनला असतो आणि अशाच एका कंपनीच्या पगारावर जगतो.

पुतण्या खोटं बोलत नाही. गूगल वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढीच अक्षय वीज 2017पासून कुठून ना कुठून विकत घेते. गोम आहे 'वर्षभरात' या शब्दात. खान्देशात हा हिशेब कुणाला समजवावा लागू नये. तालुक्याची पावसाची सरासरी कागदावर पूर्ण होते. पण ऑगस्टात तीन आठवडे थेंब पडत नाही आणि कापूस त्या तीन आठवड्यांतच जातो. तसंच हे. भर दुपारी कुठेतरी सौर वीज जास्त झाली, ती खात्यावर जमा. रात्री इथला वारा पडला की डेटा सेंटरमधले, म्हणजे संगणकांच्या भल्यामोठ्या गोदामांतले, सर्व्हर गॅसच्या विजेवर. वर्षाअखेर बेरीज बरोबर!

तासातासाचा हिशेब धरला तर 2023मध्ये गूगलची कार्बनमुक्त वीज 64 टक्केच भरते. हा आकडा कंपनीने स्वतः छापलाय आणि 2030पर्यंत प्रत्येक तास कार्बनमुक्त करण्याचं लक्ष्यही तिनेच घेतलंय, म्हणून नानांसारखं सरसकट 'फसवेगिरी' म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण त्याच वर्षी तिचं एकूण उत्सर्जन 1 कोटी 43 लाख टन होतं, 2019पेक्षा 48 टक्के जास्त. डेटा सेंटरची वीज आणि पुरवठा साखळी, ही कारणं तिचीच.

आयर्लंडमध्ये 2023 साली मीटरवर मोजलेल्या विजेतली 21 टक्के डेटा सेंटरांनी घेतली; शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून 18. तरी माझ्या घरची लाईट आठवतं तसं एकदाच गेली, वादळात.

गंमत म्हणजे सर्व्हरची तातडीची नसलेली कामं स्वच्छ वीज जास्त असेल त्या तासांकडे सरकवण्याची युक्ती गूगलने 2020मध्ये जाहीर केली, तेव्हा आमच्या क्षेत्रात केवढं कौतुक झालं. नानांचा पंप वर्षानुवर्षं ग्रिडच्या सोयीने सरकतोय. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि सर्व्हरला बांधावर बिबट्या भेटत नाही.

म्हणून मला राज्य सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेचं महत्त्व वाटतं. शेतीपंपाला दिवसा वीज, असं तिचं वचनच वेळेचं आहे. ते मोजायचंही घड्याळानेच. किती मेगावॅट उभे राहिले याच्या फलकांवर पुतण्याने भाळू नये. परदेशातल्या 'शंभर टक्क्यां'वर तर नाहीच.

नानांना म्हटलं, आपल्या फीडरला थ्री फेज किती वाजता येते तेवढं लिहून ठेवा. त्यांनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. दुधाच्या रतिबाच्या खुणांखाली, सलग पाच चौकटींत, पेन्सिलीने: रात्री 11.30.