गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथून हिशेब सुरू करा

इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल, हे मला नात्यातल्या, ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सविस्तर लिहूनच टाकते. वाहनकर्जाच्या फायली तपासणं हे माझं रोजचं काम. माणसं कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवून सात वर्षांच्या हप्त्यावर सही करतात, ते मी समोर बसून बघते. तो आकडा म्हणजे ‘किलोमीटरला एक-सव्वा रुपया’. आकडा खोटा नाही. पण ज्याच्या गाडीशेजारी स्वतःचा मीटर आहे, त्याचा तो आकडा आहे. पुण्या-मुंबईत राहणारे आपण बहुतेक फ्लॅटवाले, आणि आपली गाडी मीटरपासून लांब कुठेतरी उभी असते.

म्हणून माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. गाडी रात्री कुठे उभी राहणार? आणि महिन्याचं रनिंग किती? बॅटरीचं आयुष्य, रेंज, कंपनी कुठली, हे सगळं त्यानंतर.

आधी खरेदीचा खर्च बघू. एक नेहमीची कॉम्पॅक्ट एसयूव्ही धरा. पेट्रोल ऑटोमॅटिक ११ लाख एक्स-शोरूम, तशीच इलेक्ट्रिक १४ लाख. फरक ३ लाखांचा दिसतो, पण महाराष्ट्रात तो तेवढा राहत नाही. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १२ टक्के मोटार वाहन कर आहे, म्हणजे इथेच १ लाख ३२ हजार गेले. इलेक्ट्रिकला तो माफ आहे. विमा आणि चार्जरचं वायरिंग धरून पेट्रोल पावणेतेरा लाखांच्या आसपास पडते आणि इलेक्ट्रिक १४ लाख ९० हजारांच्या आसपास. खरा फरक साधारण २ लाख १० हजारांचा. जे जुने हिशेब अजून फिरतायत, ते बहुतेक २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचे आहेत. त्या दिवशी छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच होता, तो तसाच राहिला. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि इलेक्ट्रिकची आघाडी तेवढी कमी झाली. कुणी हिशेब पाठवला तर आधी त्यावरची तारीख बघा.

विम्यातली एक गोष्ट शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीच्या, म्हणजे थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलत आहे, हे खरं. पण पेट्रोल गाडीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो आणि इलेक्ट्रिकचा मोटरच्या किलोवॅटवर. १२०० सीसीची पेट्रोल गाडी मधल्या वर्गात बसते, तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये. त्याच आकाराच्या इलेक्ट्रिकची मोटर ६५ किलोवॅटच्या वर असली की ती थेट सगळ्यात वरच्या वर्गात जाते, २०,९०७ रुपये. सवलत धरूनही जवळपास दुप्पट. शिवाय गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा विमाही जास्त. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल तर बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्यावंच लागतं, त्यात काटकसर करू नका.

आता रोजचा खर्च. पुण्यात पेट्रोल १०४ च्या घरात धरते. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ऑटोमॅटिक गाडी १३ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला ८ रुपये. इलेक्ट्रिकचं ॲव्हरेज डिस्प्लेवर बघू नका, मीटरवर बघा. चार्जिंग होताना काही वीज उष्णतेत जाते. ती धरली तर मीटरच्या एका युनिटला मी साडेसहा किलोमीटर पकडते.

आणि ते युनिट कितीला पडतं, यावर सगळं फिरतं. महावितरणच्या घरगुती बिलात वापर वाढला की दर चढत जातो. घरात एसी, गिझर, फ्रिज मिळून अडीचशे युनिट आधीच होत असतील, तर गाडीची दीडशे युनिटं त्यावर चढतात, म्हणजे त्यातली शंभर ३०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये जातात. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क लावून ते युनिट १५ रुपयांच्या वर जातं. बिलाच्या मागच्या बाजूला तक्ता छापलेला असतो, एकदा शांतपणे वाचा. वाहन चार्जिंगसाठी दराचा वर्ग वेगळा आहे. त्याचं स्वतंत्र कनेक्शन मिळालं तर मी सगळं धरून युनिटला ९ रुपये पकडते. आणि घरी सोयच नसेल तर बाहेरचा फास्ट चार्जर, युनिटला २० च्या पुढेमागे. म्हणजे एकच गाडी एकाच शहरात कुणाला किलोमीटरला १ रुपया ४० पैशांत पडते, कुणाला सव्वादोन रुपयांत, आणि कुणाला तीन-सव्वातीन रुपयांत.

हे समोर ठेवून हप्ता बघा. वरचे २ लाख १० हजार ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे ३,३८० रुपयांनी वाढतो आणि एकूण ७४ हजारांच्या आसपास व्याज जातं. हे व्याज त्या फिरणाऱ्या हिशेबांमध्ये कधीच नसतं. पूर्वी इलेक्ट्रिकच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखापर्यंत आयकरात वजावट मिळायची, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. अजूनही लोक ती धरून चालतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण तोवर बुकिंगचे पैसे भरून झालेले असतात.

तर वाढलेला हप्ता इंधनाच्या बचतीतून निघायला किती चालवावी लागते? स्वतंत्र मीटर असेल तर महिन्याला ५०० किलोमीटरच्या थोडं वर. घरच्याच मीटरवरच्या वरच्या स्लॅबमध्ये ६०० च्या आसपास. फक्त बाहेर चार्ज करणार असाल तर ७०० पर्यंत. त्याच्या पुढे जे चालेल ती तुमची बचत, त्याच्या खाली चालेल तो तुमचा तोटा.

माझे धाकटे दीर कोथरूडला राहतात. दिवाळीत म्हणाले, “वहिनी, शोरूमवाला सांगतो पाच वर्षांत पाच लाख वाचतात. करून टाकू का बुक?”

“भाऊजी, चार्जिंग कुठे करणार?”

“सोसायटी देईल की परवानगी.”

“विचारलंत?”

“अजून नाही. पण नाही कशाला म्हणतील?”

त्यांचं ऑफिस डेक्कनला, बरेचदा स्कूटरवरच जातात. गाडी महिन्याला ४०० किलोमीटरसुद्धा होत नाही. सगळं मनासारखं जमलं तरी महिन्याला वाचणार २,६०० आणि हप्ता वाढणार ३,३८० नी. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, सध्या नका घेऊ. याउलट आमच्या मजल्यावरच्या ताई रोज हडपसरहून हिंजवडीला जातात, महिन्याला तेराशेच्या वर रनिंग. त्यांना पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर मिळाला तर महिन्याला साडेआठ हजार वाचतात. हप्ता जाऊन पाच हजारांच्या वर हातात राहतात, सर्व्हिसिंगची बचत वेगळी. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. त्यांनी पेट्रोल गाडी घेतली तर मी त्यांच्याशी भांडेन.

पण खरी तुलना पेट्रोलशी करून भागत नाही. पुण्या-मुंबईत जास्त चालवणारा माणूस सीएनजी घेतो. ९० रुपयांच्या आसपास किलो आणि २२ चं ॲव्हरेज धरलं तरी किलोमीटरला चार-सव्वाचार रुपये. त्याच्यासमोर घरी चार्ज होणारी इलेक्ट्रिक अजूनही जिंकते. बाहेर चार्ज होणारी मात्र जेमतेम रुपयाने पुढे राहते, आणि त्या रुपयासाठी चार्जरवर ताटकळायचं. सीएनजीच्या रांगाही असतात, हे मान्य. तरी शोरूममधल्या तक्त्यात सीएनजीचा रकाना का नसतो, हे ग्राहकाने विचारलं पाहिजे.

टोलचं मात्र इलेक्ट्रिकच्या बाजूने जोरात धरा. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. द्रुतगती मार्गाचा कारचा एका बाजूचा टोल ३२० रुपये धरला तर जाऊन-येऊन ६४०. दर आठवड्याला मुंबई करणाऱ्याचे महिन्याला अडीच हजार तिथेच वाचतात. फास्टॅगमधून तरीही पैसे कापले गेल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत गेल्या आहेत, तेव्हा स्टेटमेंट तपासत राहा. कोल्हापूर, नाशिकच्या राष्ट्रीय महामार्गांवर ही माफी नाही.

विकताना काय, हा प्रश्न बायका जास्त विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. जुन्या इलेक्ट्रिकला बाजारात अजून भाव कमी मिळतो. समजा पाच वर्षांनी पेट्रोलला निम्मे आले आणि इलेक्ट्रिकला ४० टक्के. महिना १,००० किलोमीटर आणि स्वतःचा मीटर असेल तर तरीही इलेक्ट्रिक दोन लाखांच्या आसपास स्वस्त पडते. पण भाव ३० टक्क्यांवर आला तर ती बचत पन्नास हजारांवर येते, आणि बाहेरच्या चार्जिंगवर ती तोट्यात जाते. म्हणून दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी जपून. दहा वर्षं वापरणाऱ्याला भावाची एवढी चिंता नको. त्याने बॅटरीच्या वॉरंटीची अट वाचावी. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही आपल्याकडे नेहमी दिसणारी वॉरंटी. ती दुसऱ्या मालकाला मिळते का आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून देतात, एवढं लेखी घ्या.

सांगलीला मामांचा बंगला आहे, अंगणात गाडी, गच्चीवर सोलर. ३ किलोवॅटच्या संचाला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजारांचं अनुदान मिळतं. त्यातून महिन्याला साडेतीनशे युनिटच्या आसपास वीज होते. घराचं भागून गाडीलाही उरते. मामांसाठी हा प्रश्नच नाही, त्यांनी डोळे मिटून इलेक्ट्रिक घ्यावी.

आपली अडचण बेसमेंटमध्ये आहे. आमच्याकडे मीटर रूम ए विंगच्या जिन्याखाली आणि पार्किंग बी विंगच्या दुसऱ्या टोकाला. मधे चाळीस-पन्नास मीटर जाड केबल, तिला ट्रे, वेगळा एमसीबी, अर्थिंग, सब-मीटर नाही तर स्वतंत्र मीटर. इलेक्ट्रिशियनने पंचवीस ते चाळीस हजारांमधला अंदाज दिला. ताईंचा अर्ज कमिटीकडे महिनोन्‌महिने पडून आहे. आगीची भीती, लोडची भीती, आणि ‘एकाला दिलं की सगळे मागतील’. सगळे मागतील, हे तर चांगलंच आहे! १५ अँपिअरच्या सॉकेटवरचा साधा चार्जर ३.३ किलोवॅट घेतो, मोठ्या गिझरपेक्षा थोडा जास्त. वीस गाड्या एकदम लागल्या तर ट्रान्सफॉर्मरचा विचार करावा लागेल, नक्कीच. पण त्यासाठी आत्ताच एका जाणकार इंजिनिअरकडून लोडची तपासणी करून घ्यावी आणि सगळ्यांसाठी मिळून एकच केबल मार्ग टाकावा. दहा जणांनी एकत्र खर्च वाटून घेतला तर माणशी निम्मा पडतो. प्रत्येकाने आपापली वायर लोंबकळत आणली तर मात्र आगीची भीती खरी ठरेल.

मला राग येतो तो इथे. ज्या माणसाला इलेक्ट्रिकने महिन्याला पाच हजार हातात राहतील, त्याला ते मिळू द्यायचे की नाही, हे आज बॅटरी ठरवत नाही, सोसायटीची कमिटी ठरवते. आणि ज्याला परवानगी मिळणारच नाही, त्याला शोरूम अर्जावर सही करायला लावते. दोन्हीकडे भुर्दंड पगारदार माणसालाच.

वार्षिक सभेत आम्ही हा विषय अजेंड्यावर टाकतोय, लेखी, सात सभासदांच्या सह्यांनी. ज्यांच्या सोसायटीत स्वतंत्र मीटर मिळालेत, त्यांनी अर्ज कसा केला, किती खर्च आला आणि किती दिवस लागले, ते कृपया खाली लिहा, आम्हाला सभेत दाखवायला उपयोग होईल. आणि गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांनी महिन्याचं रनिंग, पार्किंगमध्ये मीटरची सोय आहे की नाही, गाडी किती वर्षं ठेवणार आणि गेल्या तीन महिन्यांच्या वीजबिलातली युनिटं, एवढं कॉमेंटमध्ये टाका. रविवारी बसून एकेकाचा हिशेब मांडून देते.