डिंगीवरची इलेक्ट्रिक मोटर म्हणजे खेळणं नव्हे

“१ किलोवॅटची मोटर म्हणजे जेमतेम १.३ हॉर्सपॉवर. बॅटरी अर्ध्या वाटेत संपते, शिवाय खाऱ्या पाण्यात शॉकची भीती. डिंगीला पेट्रोल आउटबोर्डच हवं.” डिंगी म्हणजे छोटी होडी आणि आउटबोर्ड म्हणजे तिच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. हा सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय आणि नवी डिंगी घेणारे त्यावर विसंबून पैसे घालताहेत.

आधी ताकद. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही. पाणी कापत चालणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यातली लांबी ९ फूट असेल, तर सुमारे ४ नॉटच्या (तासाला ४ सागरी मैल, म्हणजे साधारण साडेसात किलोमीटर) पुढे कितीही जोर लावा, नाव स्वतःच्याच लाटेशी झगडत बसते. २-३ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिनही दोन माणसांना घेऊन ती लाट सहसा ओलांडत नाही. मोठा पंखा सावकाश फिरवणारी १ किलोवॅटची मोटर शांत पाण्यात जवळपास तोच वेग देते. मात्र जाहिरातीतलं “३ हॉर्सपॉवरइतकी” हेही मला ताणलेलंच वाटतं. समोरून जोराचा वारा आला की फरक कळतो.

आता बॅटरी. खरा घोळ इथेच आहे. सल्ला देणारे पूर्ण वेगाचा हिशोब मांडतात. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १ किलोवॅट-तासाची बॅटरी ४ नॉटने तासभर, म्हणजे ४ सागरी मैल नेते. तीच २५० वॉटवर चालवली तर वेग अडीच नॉट, पण चार तास मिळतात: १० मैल. थ्रॉटल थोडा मागे घेतला की अंतर अडीचपट! पण समोरून २ नॉटचा प्रवाह असेल, तर दोन्ही वेगांनी जेमतेम २ मैलच कापले जातात. म्हणून मोटर निवडताना नेहमीचं अंतर बघू नका. ओहोटीविरुद्ध परत यायची सर्वांत वाईट फेरी मोजा आणि त्यावर तिसरा हिस्सा बॅटरी राखीव धरा.

“पेट्रोल दगा देत नाही” हेही अर्धसत्य. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे इंधनाच्या बारीक छिद्रात, बसतो, आणि मग चोक ओढून, दोरी खेचून खांदा दुखला तरी इंजिन धरत नाही. क्वचित वापरल्या जाणाऱ्या डिंगीवर हे हमखास होतं.

शॉकची भीती निराधार. या लहान मोटरी बहुतेक १२ ते ४८ व्होल्टवर चालतात आणि सीलबंद असतात. मीठ जोडण्या आणि ॲनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) खातं, तो त्रास पेट्रोल इंजिनालाही चुकत नाही.

एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य: पेट्रोल मिनिटभरात भरता येतं आणि कॅनमध्ये बरोबर नेता येतं. रोज लांब जायचं असेल, चार्जिंगची सोय नसेल किंवा दोघांना घेऊन डिंगी पाण्यावर उचलून पळवायची असेल, तर पेट्रोलच घ्या. पण मग २-३ नव्हे, ८-१० हॉर्सपॉवरचं, आणि तेही डिंगीच्या ट्रान्समला (इंजिन बसतं त्या मागच्या फळीला) तेवढं वजन व जोर झेपतो का हे पाहून.