बुधल्याचं झाकण आधी सैल करा

गेल्या रविवारी वेंगुर्ल्याला मावशीकडे गेले. पडवीत पाऊल ठेवलं तर कोपऱ्यात वीस लिटरचा काचेचा बुधला. आत तीन हिस्से बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस, वर चार बोटं फेस. तोंडाला आट्यांचं प्लास्टिकचं झाकण, काकांनी पक्कड लावून आवळलेलं, आणि त्यावर खाकी चिकटपट्टीचे वेढे. झाकण मधोमध फुगून पुरीसारखं वर आलं होतं. बुधल्याला टेकून मांजर झोपलेलं.

मी ओरडले तशी मावशी म्हणाली, "काचेत ठेवलंय मा, मगे कित्याक भितंस?"

मग तिने मोबाईल पुढे केला. तुमच्याही मोबाईलवर हा मेसेज आला असेल. 'प्लास्टिक म्हणजे विष, फळांचा रस आंबवायला काच १००% सुरक्षित' अशी त्याची सुरुवात. पुढे सूचना: बरणी उकळत्या पाण्याने धुवा, चार दिवस ऊन दाखवा, २१ दिवस झाकण घट्ट ठेवा, कारण हवा आत गेली तर मिथेनॉल नावाचं विष तयार होतं. आणि शेवटी टोला: 'फ्रान्समध्ये शॅम्पेनसुद्धा काचेतच घट्ट बंद करून बनवतात!' त्याखाली हात जोडलेले आणि 'आपल्या माणसांना पाठवा'. पाठवला होता माझ्याच मामेभावाने, जो पुण्यात राहतो आणि ज्याने आयुष्यात एक बोंडू पिळलेला नाही.

आधी एक खुलासा करते, नाहीतर खाली तेच विचारत बसाल. मावशी दारू करत नाही, शिरका म्हणजे व्हिनेगर करते. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा 1949 पासून आहे आणि परवान्याशिवाय घरी वाईन किंवा बियर करता येत नाही. पण शिरक्याचा रस्ता आंबवणीतूनच जातो, आणि मेसेज लिहिणाऱ्याने हे सगळं परदेशातल्या घरगुती बियरवाल्यांकडून अर्धवट उचललेलं दिसतं. त्यामुळे बुधल्याचे नियम तेच.

आता सगळ्यात घातक वाक्याकडे येते. झाकण घट्ट ठेवा, म्हणे.

रस आंबतो म्हणजे काय होतं? यीस्ट साखर खातं. तिची साधारण अर्धी अल्कोहोल होते आणि अर्धी कार्बन डायऑक्साइड. हे ढोबळ नाही, वजनाने जवळपास अर्धं-अर्धं आहे. बोंडूच्या रसात लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर धरा. मावशीच्या बुधल्यात पंधरा लिटर रस, म्हणजे दीड किलो साखर. त्यातून सातशे ग्रॅमच्या वर वायू निघणार. आपल्याकडच्या तीस अंशांच्या हवेत तो मोकळा सोडला तर चारशे लिटरच्या आसपास जागा व्यापतो. पाण्याच्या दोन पिंपांइतका! आणि बुधल्यात मोकळी जागा किती? पाच लिटर. थोडा वायू रसात विरघळेल, दाब वाढला की यीस्टही मंदावेल, हे मान्य. पण बुधला फुटायला सगळे चारशे लिटर लागत नाहीत. आणि त्यात आपला एप्रिल-मे. थंड देशात जो रस पंधरा दिवस रेंगाळत आंबतो, तो इथे दुसऱ्या दिवशी उसळ्या मारतो. फ्रान्सचं कॅलेंडर पडवीत चालत नाही.

फ्रान्सवरून आठवलं. शॅम्पेनचं उदाहरण देणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घालते, कारण त्याच्याविरुद्ध याहून चांगला साक्षीदार मला शोधूनही सापडला नसता. हो, शॅम्पेन काचेत बंद करतात. आणि एकोणिसाव्या शतकात त्या तळघरांमध्ये बाटल्या इतक्या फुटायच्या की कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत जायचे. एक फुटली की तिच्या तुकड्यांनी शेजारची फुटायची. बाटल्या कशामुळे फुटतात, याचं उत्तर 1830 च्या दशकात मिळालं, आणि तेही कुणा दारूवाल्याला नाही तर औषधं विकणाऱ्या माणसाला. शालाँ गावचा फ्रान्स्वा. त्याने सांगितलं, बाटली बंद करण्याआधी आतली साखर मोजा. जेवढी साखर तेवढा दाब. तेव्हापासून मोजूनमापून साखर घालायला लागले आणि फूट आटोक्यात आली. आज बाटलीतल्या आंबवणीसाठी लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालतात. त्यातून सहा वातावरणांचा दाब तयार होतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तो पेलायला पाऊण लिटरची बाटली 835 ग्रॅम वजनाची असते, बुडाला आत खोल खळगा असतो.

आणि बोंडूत लिटरमागे शंभर ग्रॅम. चौपट!

बुधला मात्र नुसता पाच-सहा किलोचा. लिटरमागे काच धरली तर शॅम्पेनच्या बाटलीत किलोभर, बुधल्यात अडीचशे-तीनशे ग्रॅम. शिवाय भांडं जितकं रुंद, तितका त्याच दाबाचा ताण भिंतीवर जास्त. शॅम्पेनची बाटली नऊ सेंटीमीटरहूनही कमी रुंद, बुधला पाऊण फुटाहून मोठा. म्हणजे साखर चौपट, काच पातळ आणि पोट मोठं. काका म्हणाले, "पण बुधलो जाडजूड दिसता." दिसतो. तो ॲसिड आणि सरबतं वाहून न्यायला केलेला असतो, आतून कुणी ढकलावं म्हणून नाही.

हवा गेली तर मिथेनॉल? या वाक्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं, कारण भीती खरी आणि कारण साफ खोटं. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. (मालवणी म्हटल्यावर आमच्याकडे लोकांना मालवण वाटतं, म्हणून ही भीती इथे जरा जास्तच चिकटली आहे.) तिथे कुणी झाकण सैल ठेवलं नव्हतं, दारूत कारखान्यातलं मिथेनॉल आलं होतं. फळं आंबवताना मिथेनॉल अगदी थोडं बनतं, ते फळातल्या पेक्टिनमधून, आणि त्याचा झाकणाशी काडीचा संबंध नाही. हवा लागली तर आंबलेल्या रसाचं काय होतं? शिरका. शिरका करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, तेव्हाच ते अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात. म्हणजे मावशीला जे हवं आहे त्याच्याच विरुद्ध सल्ला तिला दिला गेला. पहिल्या टप्प्यात वायू बाहेर जायला वाट हवी, दुसऱ्यात हवा आत यायला. घट्ट झाकण कुठल्याच टप्प्यात नको. पहिल्यासाठी भोक पाडलेलं बूच, त्यात फिशटँकची नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. लगदा जास्त असेल तर नळी जाड घ्या, फेसाने चोंदली की पुन्हा तेच संकट. दुसऱ्या टप्प्यात तोंडाला पंचा बांधा, बस्स.

उकळतं पाणी. घरात 'बोरोसिल' हा शब्द रुळल्यापासून लोकांना वाटतं सगळी काच तशीच. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच पसरते, म्हणून ती झटका सोसते. बुधला साध्या काचेचा. आत उकळतं पाणी, बाहेरून विहिरीचं गार, की बुडाशी गोल चीर जाते. ती चीर तेव्हा दिसतेच असं नाही, भरलेला बुधला उचलल्यावर दिसते. कोमट पाणी, ब्रश, आणि स्वच्छ खळखळून धुणं पुरतं. ऊन दाखवायचंच असेल तर रिकाम्या बुधल्याला दाखवा. आंबणारा रस उन्हात ठेवू नका, तो अजून उसळतो. बियरवाले तर काच गडद कापडाने झाकून ठेवतात, कारण उजेडाने बियरमधल्या हॉप्स नावाच्या फुलांना कुबट वास येतो.

प्लास्टिक विष आहे का? इथे मला दातओठ खाऊन अर्धं मान्य करावं लागतंय. काच रसाशी काही करत नाही, वास धरत नाही, तिला सहजी चरे पडत नाहीत. प्लास्टिकला आतून चरे पडले की त्यात जंतू घर करतात, आणि प्लास्टिकमधून हळूहळू हवाही झिरपते. रंगाच्या जुन्या बादलीत कोकमं मुरवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांनी तो मेसेज खुशाल भिंतीवर लावावा. पण खाण्याच्या दर्जाची एचडीपीईची बादली किंवा पेटची बाटली म्हणजे विष नव्हे. बुडाचा त्रिकोण बघा, आत 1 असेल तर पेट, 2 असेल तर एचडीपीई; पण तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, खाण्याचा दर्जा नाही. ज्या बीपीए (बिस्फेनॉल ए) नावाच्या रसायनाचा बागुलबुवा दाखवतात ते पॉलीकार्बोनेटमध्ये असतं, म्हणजे लग्नकार्यात येणाऱ्या वीस लिटरच्या पाण्याच्या बऱ्याच जारमध्ये. तो जार वापरू नका, माझी हरकत नाही. आणि प्लास्टिकचा एक गुण काचेत कधीच येणार नाही: ते आधी फुगतं, मग फुटतं. आल्याची बियर, म्हणजे आल्याचं फसफसतं सरबत, करताना मी एक बाटली मुद्दाम कोल्ड्रिंकच्या पेट बाटलीत भरते. ती हाताला दगडासारखी लागली की बाकीच्या फ्रीजमध्ये.

मेसेजमध्ये जे लिहिलंच नाही, ते मात्र माझ्या हातावर लिहिलेलं आहे. बुधल्याने माणसं जखमी होतात ती बहुतेक वेळा दाबाने नाही, उचलताना. तीन वर्षांपूर्वी मालवणच्या घरी मी रिकामा बुधला धुऊन मागच्या दारी नेत होते. साबणाचा हात, ओला बुधला, जांभ्याची पायरी. आपटला असंही म्हणवत नाही, नुसता टेकला. 'टक्' असा आवाज झाला, नारळाला कोयतीचा पहिला घाव बसतो तसा, आणि हातात मान राहिली. खालचा भाग तीन मोठ्या तुकड्यांत. मी घसरता बुधला सावरायला दुसरा हात पुढे केला होता, त्यामुळे तळव्यात पाच टाके. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, बोट वाकवणारी शीर अर्ध्या सेंटीमीटरने वाचली. करंगळीची आतली बाजू अजून बधिर आहे. चुलीवरची कढई त्या बाजूने लागली तर मला आधी वास येतो, मग कळतं.

म्हणून: बुधला पडायला लागला की पडू द्या. हे हाताला शिकवावं लागतं, कारण आपला हात भांडं झेलणाऱ्यांचा. मानेला लावायचं हँडल मिळतं ते रिकाम्यासाठी, भरलेला बुधला वीस-पंचवीस किलोचा होतो आणि मान तेवढं वजन पेलायला केलेली नाही. दुधाचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, त्यात बुधला बसवा आणि क्रेट दोघांनी उचला. खाली जांभा किंवा लादी असेल तर पेंढ्याची चुंबळ ठेवा, आजी हंड्याखाली ठेवायची तीच. आणि जिथे ठेवाल तिथेच भरा. भरून मग जागा शोधायची नाही.

मामेभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अगं ताई, मी फक्त फॉरवर्ड केलं." ठीक आहे.

ज्यांनी मेसेज वाचून झाकण आधीच आवळलं आहे, त्यांच्यासाठी त्या रविवारी आम्ही काय केलं ते सांगते. पहिलं, मांजर हाकललं. मुलांना पुढच्या अंगणात पाठवलं. बुधला जागेवरून हलवला नाही, हादरा अजिबात नको. त्यावर जुनी गोधडी टाकली, तिच्यावर ओलं गोणपाट, फक्त झाकणापुरतं तोंड उघडं. काकांचं मोटरसायकलचं हेल्मेट मी घातलं, काच खाली करून, आणि त्यांचेच जाड रबरी हातमोजे. तोंड बाजूला ठेवून चिकटपट्टी कापली. झाकण फिरवलं ते पाव इंच. फुस्स झालं तसं थांबले. आवाज बंद होईपर्यंत वाट पाहिली, मग आणखी पाव इंच. पाच मिनिटं लागली. शेवटी फेसाचा लोट आला, गोधडी बोंडूच्या रसात न्हाली, आणि मावशी हळहळली ती गोधडीसाठी. बोंडूचा डाग जात नाही, तिचं बरोबर आहे.

हेल्मेट काढायला गेले तेव्हा काका म्हणाले, "थांब, माजघरात आणखी दोन आसत."