विडी वळणाऱ्या आईच्या नावावर मावा खपवू नका

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मंडळांच्या ग्रुपवर, कॉलेजच्या पोरांत, अगदी भिशीच्या बायकांतही. त्याचा गोषवारा असा: तंबाखू ही आपली पूर्वापार देशी वनस्पती आहे, विडी पानाची, म्हणून सिगारेटइतकी वाईट नाही, माव्यात, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणात, धूरच नाही, मग कॅन्सर कुठून येणार, मिश्रीनं दात टिकतात, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, जुनी सवय एकदम सोडली तर उलट अटॅक येतो, आणि तंबाखू सोडा म्हणणारे सोलापूरच्या विडी कामगार बायांच्या पोटावर उठलेत. खाली, 'खरे सोलापूरकर असाल तर पुढे पाठवा.'

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याचं बालपण गेलं त्याला हे काम समजावून सांगावं लागत नाही. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, मांडीवर सूप घेऊन मान मोडेपर्यंत वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे. त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे गेले. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात, आणि शाळेतून आलेली पोरगी दप्तर टेकवून विड्यांची तोंडं दुमडायला बसते. या बायांचा खरोखर कळवळा असेल तर त्यांच्यासाठी किमान वेतन मागा, फंड मागा, मुलींना दुसरं काम मागा. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, या बायांनी संघटना करून, मोर्चे काढून मिळवली. कुणी जास्त विड्या ओढल्या म्हणून ती उभी राहिली नाही.

आणि आजच्या पोरांच्या तोंडात असतं तरी काय? बहुतेकांच्या तोंडात मावा, नाहीतर गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो सीमेपलीकडून चोरून येतो. त्या पुडीत सोलापूरच्या एकाही विडी कामगार बाईची मजुरी नाही. उलट तिचाच पोरगा, कारखान्यात मागावर उभा राहणारा, आठवड्याच्या मजुरीतले पैसे त्या पुडीत घालतो. आईचं नाव पुढे करायचं आणि तिच्याच लेकराचं तोंड सडवायचं, याला कळवळा म्हणत नाहीत.

आता 'धूर नाही, मग कॅन्सर कुठून?' हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा, कारण महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते. ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपास. टपरीवर मावा कसा होतो ते बघा. सुपारीचा चुरा, तंबाखू, वर बोटभर चुना. प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून तळहातावर खसाखसा घासायचा. तो चुना चवीपुरता नसतो. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्यानं रक्तात जातं, म्हणून किक बसते आणि म्हणून तासाभरात परत हात टपरीकडे वळतो. कॅन्सर करणारी नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं तर तंबाखू वाळवताना, मुरवताना, साठवताना तयार होतात. त्यांना काडी लावावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं बिनधुराची तंबाखू आणि सुपारी, दोन्ही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकल्या आहेत. म्हणजे 'मी नुसती सुपारी खातो' हीसुद्धा पळवाट नाही.

सुपारीचं आणखी एक काम आहे. ती गालाच्या आत ताठ दोऱ्यांसारखे पट्टे तयार करते. आधी शेंगाचटणी-भाकरी खाताना तोंड पेटल्यासारखं होतं. मग तोंड पुरतं उघडत नाही. मावा खाणाऱ्या प्रत्येकानं आत्ता, हे वाचतानाच, एक करावं: आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालावीत. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जायला उद्याचा मुहूर्तही बघू नये. पंधरा दिवसांत न भरणारा तोंडातला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, यालाही हाच नियम. भारतीय पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचाच आहे. आर. आर. आबा २०१५ साली त्यानंच गेले, अवघे ५७ वर्षांचे. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. पुढे आपल्या माढ्यातून खासदार झालेले पवार तरुणांना याच सवयीपासून लांब राहा म्हणून जाहीर कार्यक्रमांत सांगत आलेत.

मिश्रीचं थोडक्यात. ती भाजलेली तंबाखूच आहे. लावल्यावर हिरड्या बधिर होतात, ठणका थांबतो, म्हणून दात सुधारला असं वाटतं. आत हिरडी सुटत जाते. गरोदर बाईनं तंबाखू कुठल्याही रूपात वापरली की बाळ कमी वजनाचं आणि दिवस भरायच्या आधी जन्मायचा धोका वाढतो. सुनेला मिश्रीची डबी देणाऱ्या सासूबाईंनी एवढं तरी ऐकावं.

विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून जोरानं आणि वारंवार झुरके मारावे लागतात. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच छातीत जातं.

'देशी' म्हणाल तर तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली. अकबराचा वकील असद बेग याला ती १६०४ च्या सुमारास आदिलशाही विजापुरात भेटली आणि त्यानं नवलाची वस्तू म्हणून ती बादशहाला नेऊन दिली. विजापूर आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. ज्वारी आपली, हुरडा आपला. ही बाई परमुलखातली.

नव्वदीचे आजोबा माझ्याही ओळखीत आहेत. पण लक्ष्मी-विष्णू मिलच्या गेटवर त्यांच्याबरोबर विडी पेटवणारे बाकीचे कुठं आहेत, हे त्यांनाच विचारा. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक तिच्याच पायी मरतात. जे पन्नाशीत गेले त्यांचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही.

राहिला अटॅक. दारू वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम सोडताना डॉक्टर लागतो, आणि बहुधा तेच इथं चिकटवलंय. तंबाखू एकदम सोडल्यानं हृदय बंद पडत नाही. निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. ते थांबलं की हृदयाला सुटका मिळते. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. त्रास होतो तो वेगळा: चिडचिड, झोप उडणं, डोकं जड, पोट साफ न होणं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, मग ओसरत तीन-चार आठवड्यांत जातो. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चघळा, टपरीवर 'काय होत नाही बे, एक घे' म्हणणाऱ्या दोस्तापासून उठून चालू लागा. फार जमत नसेल तर निकोटिनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं. तेही डॉक्टरला विचारून. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, पलीकडचा माणूस सोडायची तारीख ठरवून देतो आणि नंतर विचारपूस करायला स्वतः फोन करतो.