मोफत एसएसएल ‘कच्चं’ असतं, हा दावा चुकीचा आहे

दुकानदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरत असतो. त्याचं सांगणं असं: फुकटच्या एसएसएल सर्टिफिकेटमध्ये (साइट आणि ब्राउझर यांच्यातल्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारं डिजिटल प्रमाणपत्र) एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचं कुलूप, हलकं असतं, ते तीन महिन्यांत बंद पडतं, फसवणूक करणारे तेच वापरतात, गुगल अशा साइटला मागे टाकतं आणि नुकसान झालं तर भरपाई मिळत नाही. म्हणून वर्षाला काही हजार भरा आणि ‘खरं’ सर्टिफिकेट घ्या. मी छोट्या धंद्यांच्या साइट सांभाळतो. हा संदेश वाचून लोक घाबरतात, बॅकअपसाठी ठेवलेले पैसे यात घालतात, आणि मला ते बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एन्क्रिप्शन हलकं असतं, हे धादांत खोटं आहे. ही डिजिटल चावी या डोमेनचीच, म्हणजे साइटच्या पत्त्याचीच, आहे, एवढीच ग्वाही सर्टिफिकेट देतं. माहिती कशी कुलूपबंद करायची ते ब्राउझर आणि सर्व्हर आपसांत ठरवतात, आणि ते सर्व्हरच्या सेटिंगवर अवलंबून असतं. सर्व्हरवर टीएलएस 1.3 (टीएलएस म्हणजे एसएसएलचंच पुढचं रूप) चालू असेल तर मोफत आणि विकतच्या सर्टिफिकेटला तेच संरक्षण मिळतं. जुनं टीएलएस 1.0 चालू ठेवलं असेल तर महागडं सर्टिफिकेटही ती त्रुटी भरून काढत नाही. खात्री करायची असेल तर क्वालिस कंपनीची ‘एसएसएल लॅब्ज’ ही मोफत चाचणी आहे. डोमेनचं नाव टाकलं की थोड्या वेळात श्रेणी मिळते. सेटिंग नीट असेल तर मोफत सर्टिफिकेटवरही ‘ए प्लस’ येते.

आता हे फुकट देतं कोण? सर्वात मोठं नाव ‘लेट्स एन्क्रिप्ट’. ते चालवणारी आयएसआरजी ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. फायरफॉक्स बनवणारी मोझिला, डिजिटल हक्कांसाठी काम करणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी मिळून हे काम उभं केलं आणि डिसेंबर 2015 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. खर्च देणग्या आणि प्रायोजकांच्या पैशातून भागतो. पडताळणी अशी होते: ते तुमच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामला एक ठरावीक मजकूर देतात, तो एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायला सांगतात आणि इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तो वाचून बघतात. मजकूर जुळला म्हणजे डोमेन तुमच्या ताब्यात आहे. खासगी चावी, म्हणजे सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त चावी, तुमच्याच सर्व्हरवर तयार होते आणि तिथेच राहते. उलट सर्टिफिकेट विकणारे काही मध्यस्थ ग्राहकाची खासगी चावी स्वतः तयार करून झिप फाइलमध्ये मेलने पाठवतात. हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

पैसे दिले की विश्वास आपोआप मिळतो, असंही नाही. 2011 मध्ये डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी डच कंपनी हॅक झाली, तिच्या नावावर गुगलची बनावट सर्टिफिकेटं निघाली, आणि कंपनीचं दिवाळं वाजलं. सिमँटेक या मोठ्या कंपनीची जुनी सर्टिफिकेटं क्रोमने 2018 मध्ये नाकारली. आपल्याकडे 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, यंत्रणेतून गुगलच्या डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं आणि ती रद्द करावी लागली. लेट्स एन्क्रिप्टकडूनही चूक झाली आहे: मार्च 2020 मध्ये तपासणीच्या प्रोग्राममधल्या दोषामुळे सुमारे 30 लाख सर्टिफिकेटं अडचणीत आली. त्यांनी ते जाहीरपणे मांडलं, यादीसकट. मी कोणावरही विसंबताना हा उघडेपणा बघतो.

‘तीन महिन्यांत बंद पडतं’ या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून इथे जरा थांबतो. लेट्स एन्क्रिप्टच्या सर्टिफिकेटची नेहमीची मुदत 90 दिवसांची आहे आणि ती मुद्दाम कमी ठेवली आहे: चावी चोरीला गेली तरी गैरवापराला वेळ कमी मिळावा, आणि नूतनीकरण माणसाच्या आठवणीवर न राहता आपोआप व्हावं. आता मुदत कमी करण्याचा नियम सगळ्यांनाच लागू होतोय. एप्रिल 2025 मध्ये सीए/ब्राउझर फोरमने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या गटाने, ठरवलं की कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 15 मार्च 2027 पासून 100 आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवस राहील. म्हणजे तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरी सर्टिफिकेट अधूनमधून नव्याने बसवावंच लागणार.

आपोआप होणारं नूतनीकरण अडतं तेही खरं, पण त्याची कारणं ठरलेली असतात. सर्व्हर बदलला आणि डोमेनची जुनी आयपीव्ही6 नोंद (सर्व्हरच्या नव्या पद्धतीच्या पत्त्याची नोंद) तशीच राहिली, की पडताळणी भलत्याच मशीनवर जाते. फायरवॉलने 80 नंबरचा पोर्ट, म्हणजे पडताळणी ज्या वाटेने येते ती वाट, बंद केला, की ठेवलेला मजकूर वाचताच येत नाही. आणि सर्वात फसवं कारण: नवीन सर्टिफिकेट येऊन पडतं, पण वेब सर्व्हर रीलोड होत नाही, त्यामुळे तो जुनंच दाखवत राहतो. सर्टिफिकेट आणून बसवणाऱ्या सर्टबॉट या मोफत प्रोग्राममध्ये नूतनीकरणाची रंगीत तालीम करायची सोय आहे. सर्व्हरला हात लावला की ती एकदा चालवावी. मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 मध्ये थांबवलं, त्यामुळे ही तारीख तपासायची जबाबदारी आता आपली आहे.

फसवणूक करणारे मोफत सर्टिफिकेट वापरतात, हे मान्य. ते विकतचंही वापरतात. 2017 मध्ये इयान कॅरोल या सुरक्षा संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘स्ट्राइप’ नावाची स्वतःची कंपनी नोंदवून तिच्यासाठी सर्वात वरच्या प्रतीचं, ईव्ही (संस्थेची कसून पडताळणी करून द्यायचं) सर्टिफिकेट रीतसर मिळवून दाखवलं. नाव प्रसिद्ध पेमेंट कंपनीचं, मालक वेगळाच. 2019 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ॲड्रेस बारमध्ये कंपनीचं नाव दाखवणं बंद केलं. 2023 मध्ये तर क्रोमने कुलपाचं चिन्हही काढलं, कारण लोक त्याचा अर्थ ‘ही साइट प्रामाणिक आहे’ असा घेत होते.

गुगलचं म्हणाल तर, एचटीटीपीएस असणं, म्हणजे साइटची जोडणी सर्टिफिकेटने सुरक्षित असणं, ही गोष्ट ते 2014 पासून क्रमवारीत थोडीशी धरतात. सर्टिफिकेटला किती पैसे मोजले, हे त्यात येत नाही. आणि भरपाईची ती वॉरंटी, जी विकतच्या सर्टिफिकेटबरोबर मिळते? ती साइटच्या मालकासाठी नसतेच. सर्टिफिकेट चुकीच्या माणसाला दिलं गेलं आणि त्यावर विसंबून एखाद्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर त्या ग्राहकासाठी ती असते, तीही अटींसह. तुमची साइट हॅक झाली तर तुम्हाला त्यातून काही मिळत नाही.

या संदेशाच्या काही रूपांत ‘देवनागरी डोमेनला मोफत मिळत नाही’ असंही जोडलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्ट ऑक्टोबर 2016 पासून अशी डोमेन घेतं, ‘.भारत’सकट. सर्टिफिकेट उघडल्यावर डोमेनच्या जागी ‘एक्सएन’ने सुरू होणारी रोमन अक्षरं दिसली तर घाबरू नका, आतली नोंद तशीच असते.

विकतचं कधी घ्यावं? एखाद्या टेंडरने किंवा मोठ्या ग्राहकाने सर्टिफिकेटवर संस्थेचं पडताळलेलं नाव मागितलं तर घ्यावं. अडल्यावर फोन करायला माणूस हवा असेल, तर तेही चालेल, फक्त आपण त्या मदतीचे पैसे देतोय हे माहीत असू द्या. बाकी पैसे भरण्याआधी होस्टिंगवाल्याला एवढंच विचारा: सी-पॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) ऑटोएसएसएल (मोफत सर्टिफिकेट आपोआप बसवणारी सोय) आहे का, आणि असेल तर माझ्या डोमेनला ते चालू का केलेलं नाही?